माणूस म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे : 'निकाल तेवढे पैसे' या धोरणाचा इतिहास आणि आपण

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. वर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मुलामुलींचे फोटो. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या पायरीबाहेर बसावे लागले, त्यांच्या पणतीचा फोटो चौकात लागतो याचा अभिमान वाटायलाच हवा. मलाही वाटतो.

पण यंदा आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. जागा चाळीस, मुले साठ-सत्तर. मग पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्यांनाच प्रवेश द्यावा, म्हणजे आपला निकाल चांगला लागेल आणि निकाल चांगला लागला की देणगीदार टिकतील, असा हिशेब मांडला गेला. मांडणारे सगळे आपलेच, प्रामाणिक, रात्रंदिवस राबणारे कार्यकर्ते. मीही मान डोलावली. घरी जाताना लक्षात आले की या नियमाने पहिला बाहेर जाणारा मुलगा कोण असेल, तर तो पहाटे चार वाजता मंडईत हमाली करून आठ वाजता अभ्यासिकेत येणारा. त्याला त्रेपन्न टक्के आहेत. अभ्यासिका ज्याच्यासाठी काढली, त्यालाच ती बंद होणार होती आणि आपण त्याला 'गुणवत्ता' म्हणणार होतो.

हा हिशेब आपल्या डोक्यात आला कुठून? तो ना फुल्यांचा, ना बाबासाहेबांचा. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे, म्हणून हा लेख.

मद्रासमध्ये जन्मलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली कल्पना

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री. १७८९ मध्ये तो मद्रासच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची अनाथ मुले तिथे होती. चांगले शिक्षक मिळत नव्हते. त्याने एका देशी शाळेत पाहिले की मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात आणि मोठी मुले लहानांना शिकवतात. त्यावरून त्याने आपली पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोडवर जवळजवळ तशीच शाळा सुरू केली. एक मास्तर आणि शेकडो मुले. मास्तर काही मोठ्या मुलांना शिकवणार, ती मुले दहा-दहांच्या गटाला तेच सांगणार. उठणे, बसणे, पाटी दाखवणे, सगळे इशाऱ्यावर.

हा काळ इंग्लंडमध्ये सूतगिरण्यांचा आणि वाफेच्या इंजिनाचा होता. त्यामुळे या शाळांची स्तुती त्याच भाषेत झाली. सर थॉमस बर्नार्ड या तिच्या पुरस्कर्त्याने म्हटले की बेलच्या पद्धतीचे मोठे तत्त्व म्हणजे कारखान्यातली श्रमविभागणी बुद्धीच्या कामाला लावणे. शाळेला कारखाना म्हणणे ही आज आपण करतो ती टीका आहे. तेव्हा ती शाबासकी होती!

याच बेलने पुढे लिहून ठेवले की गरिबांच्या मुलांना सरसकट शिक्षण देऊ नये. ज्यांच्या नशिबी रोजची मजुरी आहे, त्यांची मने त्यांच्या पायरीच्या वर जाण्याचा धोका आहे. लिहिणे आणि हिशेब तर सगळ्यांना शिकवायचीही गरज नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. यंत्राचा भाग बनवताना त्याचे काम आधी ठरलेले असते. खिळा खिळाच होणार, चाक चाकच होणार. मुलाकडे तसे पाहिले की त्याने काय व्हायचे हे त्याच्या जन्माआधीच ठरून जाते. मनुस्मृतीने जे वर्णाच्या नावाने केले, ते इथे स्वस्त आणि कार्यक्षम शिक्षणाच्या नावाने होत होते.

रॉबर्ट लो आणि डोक्यामागे शिलिंग

पुढचा टप्पा १८६२ चा. इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळांना सरकार अनुदान देत होते आणि खर्च वाढत चालला होता. शिक्षण खात्याचे काम पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी 'सुधारित संहिता' आणली. तिचे सूत्र होते 'निकाल तेवढे पैसे'. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येणार, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घेणार. एका मुलामागे जास्तीत जास्त बारा शिलिंग. त्यातले चार सरासरी हजेरीचे आणि आठ परीक्षेचे. एका विषयात नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. लो यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले की ही व्यवस्था स्वस्त नसेल तर कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम नसेल तर स्वस्त तरी असेल. दोन्हीकडून सरकारचा फायदा. मुलाचा फायदा या वाक्यात कुठेच नव्हता.

लो यांचे गरिबांबद्दलचे मतही लपलेले नाही. १८६६-६७ मध्ये कामगारांना मताधिकार देण्याच्या विरोधात सर्वांत जोरदार भाषणे त्यांचीच होती. खालच्या वर्गांना त्यांच्या वाट्याची कामे करता येतील एवढे आणि वरच्यांच्या सुसंस्कृतपणापुढे मान झुकवता येईल एवढे शिक्षण द्यावे, असे ते म्हणत.

परिणाम काय झाला? अनुदान घटले, हा लो यांच्या दृष्टीने विजय. पण वर्गात काय झाले ते पाहा. मास्तराचे पोट निकालावर अवलंबून राहिले. मग मास्तराने तेच केले जे कोणीही केले असते. वर्षभर एकच वाचनपुस्तक, पाठ होईपर्यंत. मुले पुस्तक हातात धरून घडाघडा 'वाचत', पण पुस्तक उलटे धरले तरी त्यांचे वाचन थांबत नसे, अशा गोष्टी तेव्हा प्रसिद्ध होत्या. इतिहास, भूगोल यांना पैसे नाहीत म्हणून ते मागे पडले. आजारी मुलांनाही परीक्षेच्या दिवशी उचलून आणले जाई, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग. हुशार मुलाकडे लक्ष द्यायची गरज नव्हती, तो पास होणारच. अगदी मागे पडलेल्यावर वेळ घालवणे परवडत नव्हते, तो नापास होणारच. मधल्यांना घोटून काढायचे.

मॅथ्यू अर्नोल्ड हा इंग्रजीतला मोठा कवी पोटासाठी शाळा इन्स्पेक्टर होता. त्याने सुरुवातीपासून विरोध केला आणि आपल्या अहवालांत लिहिले की अनुदानाचा मोठा भाग यांत्रिक परीक्षेवर ठेवला की शिकवणेही यांत्रिक होणारच. इन्स्पेक्टर पूर्वी शाळेला मार्गदर्शन करायला येत असे, आता तो मोजणीदार झाला. सुमारे पस्तीस वर्षे ही पद्धत चालली. १८९० च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. निवृत्त मुख्य इन्स्पेक्टर एडमंड होम्स यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहून जवळजवळ कबुली दिली : या व्यवस्थेत वाढलेला शिक्षक पुढे मोकळीक मिळाली तरी तसाच शिकवत राहिला. यंत्र बंद झाले, पण माणसाला लागलेली यंत्राची सवय सुटली नाही. हे फार महत्त्वाचे आहे.

इकडे मुंबई इलाख्यात : हंटर आयोग आणि जोतीराव

साहेबाच्या घरात जे शिजले ते वसाहतीत वाढले गेले. १८६० च्या दशकात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत खाजगी शाळांच्या अनुदानासाठी हीच 'निकाल तेवढे पैसे' पद्धत आली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. या आयोगाची एक शिफारस आपण लक्षात ठेवली पाहिजे. प्राथमिक शाळांना मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर द्यावी, मागास भागांतल्या शाळांसाठी हवा तर अपवाद करावा, असे आयोगाने म्हटले. कॉलेजांना मात्र हा नियम लावायचा नाही!

कॉलेजात कोण शिकत होते? उच्चवर्णीयांची मुले. प्राथमिक शाळेच्या दारात कोण उभे होते? शेतकऱ्यांची, कारागिरांची, महार-मांगांची मुले. म्हणजे वरच्यांना विश्वासाने पैसे आणि खालच्यांना मोजून-मापून. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी आहे त्याच्याकडे पुरावा मागितला नाही. ज्याच्या घरात पाटी पहिल्यांदा येते, त्याला सांगितले की आधी निकाल दाखव.

त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये निवेदन दिले. ते निवेदन आपण भाषणात उल्लेखतो, पण तपशिलाने वाचत नाही. फुल्यांची सुरुवातच वेगळ्या जागेवरून आहे. सरकारी महसूल कोणाच्या घामातून येतो? कष्टकऱ्यांच्या. मग तो उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर का खर्च होतो? वरच्यांना शिकवले की ज्ञान खाली झिरपेल हे धोरण खोटे ठरले आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या. शिक्षक कष्टकरी वर्गातले, प्रशिक्षित असावेत, ज्यांना वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरायला लाज वाटणार नाही आणि जे खालच्या थरांत सहज मिसळतील. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत.

तपासणीबद्दल फुले काय म्हणतात? डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, शिवाय न कळवता अचानक भेटी द्याव्यात. म्हणजे फुल्यांना तपासणी नको होती असे मुळीच नाही. उलट ती जास्त हवी होती. पण त्यांची तपासणी शाळा नीट चालते का हे पाहणारी आहे.

आणि शिष्यवृत्तीबद्दलचा त्यांचा मुद्दा तर आजच्या 'मेरिट'वाल्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. स्पर्धा परीक्षेने शिष्यवृत्ती देणे वरवर पाहता न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच त्याचा फायदा होतो आणि इतरांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. 'समान कसोटी म्हणजे समता' या समजाला १८८२ मध्ये दिलेले हे उत्तर आहे. महार-मांगांच्या मुलांना जातिद्वेषामुळे इतर मुलांशेजारी बसूच दिले जात नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, अशीही त्यांची मागणी होती. परीक्षेचा कागद सारखा असून काय उपयोग? बसायला जागा सारखी होती का?

सरकारने 'निकाल तेवढे पैसे' हे धोरण भारतात १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात, कर्झनच्या काळात, टाकून दिले. फुल्यांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायद्याने अमलात आणली. शाहू महाराजांनी आधी वसतिगृहे काढली, हेही विसरू नका. मूल परीक्षेपर्यंत पोहोचायचे तर त्याला रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्यांना कळत होते.

बाबासाहेबांनी हरवलेली मुले मोजली

१२ मार्च १९२७. महाडच्या सत्याग्रहाला जेमतेम आठवडा उरलेला. मुंबई विधिमंडळात शिक्षण खात्याच्या अनुदानावर बाबासाहेब बोलत होते. त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत शिरणारी शंभर मुले घेतली तर चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय? शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल जन्मभर साक्षर राहील अशा टप्प्यावर पोहोचूनच बाहेर पडावे. त्याच भाषणात त्यांनी बजावले की शिक्षण खाते हे 'इतके घ्या, तितके द्या' या व्यापारी तत्त्वावर चालवायचे खाते नव्हे आणि खालच्या वर्गांसाठी शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे.

आकडे लो यांच्याकडेही होते आणि बाबासाहेबांकडेही. म्हणून 'आकडेच वाईट' असा निष्कर्ष काढू नका. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, आकड्यांशिवाय ते बोलत नसत. फरक असा की लो यांनी पास झालेली मुले मोजली आणि त्यावर पैसे दिले. बाबासाहेबांनी वाटेत हरवलेली मुले मोजली आणि त्याचा जाब सरकारला विचारला. एका ठिकाणी आकडा मुलाला दोषी ठरवतो, दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थेला.

यामागे विचार होता. कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई. ड्यूईंनी १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात प्लेटोचा दाखला दिला आहे : ज्याच्या वागण्याचा हेतू दुसरा कोणी ठरवतो तो गुलाम. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेब हाच धागा घेतात आणि म्हणतात की कायद्याने कोणी गुलाम नसला तरी अशी गुलामी असू शकते, कारण जातिव्यवस्थेत माणसाचा धंदा त्याने निवडलेला नसतो. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्नही पाठ हवा : ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, त्या कामात कार्यक्षमता येणार कुठून?

आता यंत्राची व्याख्या करून पाहा. यंत्राचा हेतू बाहेरचा माणूस ठरवतो. यंत्राची किंमत त्याच्या उत्पादनावर ठरते. भाग बिघडला की बदलतात, का बिघडला याचे त्याला कोणी विचारत नाही. प्लेटोचा गुलाम, मनूचा शूद्र आणि लो यांचा विद्यार्थी, तिघेही या व्याख्येत चपखल बसतात.

मग यंत्रच वाईट का?

इथे कोणी म्हणेल, चला परत चरख्याकडे! नाही. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी याला सडेतोड उत्तर दिले आहे. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात जातो अशा समाजरचनेचा आहे. माणसाला पशूसारखे राबण्यातून सुटका हवी असेल, विचार करायला आणि संस्कृतीत जगायला फुरसत हवी असेल, तर यंत्र हवेच. यंत्राने माणसाला मोकळे करावे, ही बाबासाहेबांची भूमिका. १९४२ ते ४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळाअखेरीस, १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने, आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते या विचारातूनच.

आपल्याकडे मात्र उलटे चालले आहे. जिथे यंत्र हवे त्या गटारात आजही माणूस उतरवतात, २०१३ चा कायदा असूनही, आणि तो माणूस कोणत्या जातीचा असतो हे सांगायला नको. जिथे माणूस हवा त्या वर्गात मात्र मोबाईलवरचे व्हिडिओ आणि गुणांचे तक्ते!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्याच तरुणांकडून येतो. 'यंत्राला जात कळत नाही. जातीयवादी मास्तराच्या मर्जीपेक्षा कॉम्प्युटरने तपासलेला पेपर बरा नाही का?' हा प्रश्न टाळून चालणार नाही. मर्जीपेक्षा नियम बरा, हे खरेच आहे. संविधान म्हणजे तेच. बैठक क्रमांकावर नाव नसते म्हणून आपली कित्येक मुले वाचली आहेत. पण माणसाला यंत्र मानणारी व्यवस्था जात विसरते का, याचे उत्तर गिरणगावात आहे.

मुंबईच्या गिरण्यांत मालकाच्या लेखी कामगार म्हणजे हातांची संख्या. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप पेटला तोच अशा कारणावरून : 'कार्यक्षमते'च्या नावाखाली एकेका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, एकेका कताईवाल्याने दोन बाजू पाहाव्यात, अशा योजना मालकांनी आणल्या होत्या. इतके यांत्रिक गणित असूनही जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मागाला जात कळत नव्हती, पण मागापाशी कोण उभा राहणार हे जातच ठरवत होती. माणसाला 'हात' म्हटल्याने जात गेली नाही. फक्त हिशेबाच्या वहीतून दिसेनाशी झाली. दिसेनाशी झालेल्या अन्यायाविरुद्ध लढणे तर आणखी कठीण.

१९५३ आणि २०२०

हा इतिहास स्वातंत्र्याबरोबर संपला असे समजू नका. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकणे. शाळा कमी, मुले जास्त, म्हणून हा काटकसरीचा उपाय, असे समर्थन होते. पुन्हा तीच काटकसर! न्हाव्याचा मुलगा न्हावी, चांभाराचा चांभार. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलशिक्षण' म्हणून रस्त्यावर आव्हान दिले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी योजना रद्द केली. बेलचे म्हणणे आणि राजाजींची योजना यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, विचाराचे फारसे नाही.

ऑगस्ट २०२०. कोरोनामुळे इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षा झाल्या नाहीत. मग नियामक संस्थेने गणिती सूत्राने ग्रेड ठरवल्या. त्यात शाळेचा मागचा निकाल धरला होता. जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या. लहान वर्गांमध्ये शिक्षकांचा अंदाजच धरला गेला आणि लहान वर्ग असतात महागड्या खाजगी शाळांत. गरीब वस्तीतल्या शाळेतली हुशार मुलगी खाली ओढली गेली, कारण तिच्या शाळेतून आधी तशी कोणी निघाली नव्हती! म्हणजे बापजाद्यांच्या निकालावरून तुझा निकाल. आपल्याला हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत नाही का? मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. नेदरलँड्समध्ये तर बालसंगोपन भत्त्यात हजारो पालकांना चुकीने फसवे ठरवले गेले. धोका मोजणाऱ्या यंत्रणेत दुहेरी नागरिकत्व हाही एक निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

आणि आपल्याकडे? जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, आधारवर दुसरे, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला विद्यार्थी तुमच्या ओळखीत नाही असे होणार नाही. खडी फोडून बोटांचे ठसे झिजलेली बाई रेशनच्या मशीनपुढे पुन्हा पुन्हा अंगठा लावते, तेव्हा तिला 'तुम्ही त्या नव्हेत' असे सांगितले जाते. कष्टाने झिजलेला अंगठा हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. तक्रार कोणाकडे करायची? समोरचा कारकून म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही.' माणसाला यंत्र करण्याचा हा शेवटचा टप्पा आहे : निर्णय घेणाऱ्यालाही आपण माणूस असल्याची आठवण राहत नाही.

कार्यक्षमता म्हणजे काय, हे आपण ठरवले पाहिजे

संविधानाच्या अनुच्छेद ३३५ मध्ये 'प्रशासनाची कार्यक्षमता' हे शब्द आहेत आणि आरक्षणाविरुद्ध ते वर्षानुवर्षे हत्यार म्हणून वापरले गेले. २०१९ मध्ये बी. के. पवित्र यांच्या दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकचा कायदा उचलून धरताना सांगितले की कार्यक्षमता म्हणजे केवळ परीक्षेतले गुण नव्हेत. समाजातल्या वेगवेगळ्या घटकांना सामावून घेणारे प्रशासन हेच कार्यक्षम प्रशासन. फुल्यांनी आयोगापुढे मांडलेली गोष्ट न्यायालयापर्यंत पोहोचायला १३७ वर्षे लागली.

पण शत्रूच्या छावणीकडे बोट दाखवून हा लेख संपवणे सोपे आहे. होम्स यांची कबुली आठवा. यंत्र गेले तरी सवय राहते. ती सवय आपल्यात आहे. आपल्या अभ्यासिकांत आपण अधिकारी झालेल्या तिघांचे फोटो लावतो. सहा-सहा वर्षे परीक्षा देऊन गावी परत गेलेल्या तीनशे जणांची नावेही आपल्याकडे नसतात. आपण पास झालेले मोजतो, हरवलेले मोजत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेत बसावे असे न म्हणता कॉलेजची वेळ विद्यार्थ्याच्या जगण्यात बसवली. आपल्याला रस्ता दाखवायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आमच्या अभ्यासिकेची बैठक पुन्हा झाली. वाद झाला, देणगीचा प्रश्न खराच होता आणि तो अजून सुटलेला नाही. पण टक्क्यांची अट काढली. प्रवेश आधी त्यांना, ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नाही. अभ्यासिका आता पहाटेपासून रात्री अकरापर्यंत दोन पाळ्यांत चालते, चाळीस खुर्च्यांवर साठ मुले बसतात. आणि एक वही ठेवली आहे. तिच्यात येणे बंद झालेल्या मुलांची नावे लिहायची आणि आठवड्याच्या आत त्याच्या घरी कोणीतरी जायचेच. हमाली करणारा तो मुलगा आता सकाळच्या पाळीची किल्ली सांभाळतो.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अशी वही आहे का? नसेल तर आजच एक आणा. पहिले नाव कोणाचे लिहायचे ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

जय भीम!